वाळीत, दुष्काळ आणि पाळक

चाकण एमआयडीसीच्या अंगालाच भामचंद्राचा डोंगर आहे. खाली कंपन्यांच्या शेड, कंटेनरच्या रांगा, कामगारांना आणणाऱ्या-नेणाऱ्या बसगाड्या; वर कातळातली लेणी. तुकोबा इथे एकांताला येत. सुखाचा कंटाळा आला म्हणून ते डोंगरावर गेले नव्हते. १६३०-३१ च्या दुष्काळाने त्यांचे वाण्याचे दुकान बसवले, थोरली बायको आणि मुलगा नेला, गावातली पत धुळीला मिळवली. त्यानंतर त्यांनी काय केले, तर लोकांकडून येणे असलेल्या रकमांचे कागद, आपल्या वाट्याचे, इंद्रायणीत सोडून दिले, असे परंपरा सांगते. भुकेने होरपळलेल्या माणसाने दुसऱ्या भुकेलेल्यांचे कर्ज माफ केले.

त्याच नदीच्या खालच्या अंगाला आळंदी. तिथली गोष्ट दुष्काळाची नाही, वाळीत टाकण्याची आहे. संन्यासातून परत संसारात आलेल्या विठ्ठलपंतांना गावाने जातीबाहेर काढले, आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, आणि पोरकी झालेली चार भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली. पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात मराठी ख्रिस्ती मंडळ्या भरतात, तिथे उपदेशात एक विषय हटकून येतो: संकट विश्वास घडवते, आणि पुढारी तर संकटातच घडतो. दाखले असतात ईयोबाचे, पौलाचे, कधी परदेशी पुस्तकांतले. त्यांत गैर काही नाही. पण या विचाराचा मराठी वंश शोधू लागलो की वाट देहू-आळंदीच्याच रस्त्याने जाते. मराठी ख्रिस्ती पुढाऱ्यांना घडवणारे घाव मुख्यत्वे हेच दोन होते. काहींना जातीने वाळीत टाकले, काहींना दुष्काळाने उघडे पाडले. आणि कोणाचा घाव कामी आला, कोणाचा नुसता दुखत राहिला, याची कसोटीही तुकोबांच्या त्या कागदांत दिसते.

आधी वाळीत टाकण्याचे पाहू. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत त्याच्या मागोमाग मिशनऱ्यांकडे राहायला गेला. प्रकरण कोर्टात गेले आणि पोरगा बापाच्या ताब्यात मिळाला. खरा पेच त्यानंतर उभा राहिला, कारण जात त्याला परत घ्यायला तयार नव्हती. प्रायश्चित्त देऊन घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले तर सनातन्यांनी त्यांनाच धारेवर धरले. मराठीतला पहिला संपादक, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणारा विद्वान. त्याची ही गत, तर खुद्द बाटलेल्या माणसाची काय असेल?

याची मोजणी पुण्यातल्या एका चहावरून करता येते. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये पुण्यातले प्रतिष्ठित जमले. चहा-बिस्किटे समोर आली. कोणी घेतली, कोणी नुसती तोंडाला लावली. गोपाळराव जोश्यांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, पुढे सगळ्यांची नावे छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य माजले. यादीत लोकमान्य टिळक होते, रानडे होते. न्यायमूर्ती रानड्यांना शेवटी प्रायश्चित्त घ्यावे लागले, तेही मित्रांच्या घरातल्या लग्नकार्यांची अडचण होऊ नये म्हणून. एका कपाची ही किंमत. आता याच गावात, याच काळात, बाप्तिस्म्याची किंमत काय असेल याचा अंदाज वाचकानेच करावा.

अशी किंमत बाबा पदमनजींनी त्याच्या कितीतरी आधी मोजली होती. बेळगावचे कासार कुटुंब, जन्म १८३१ चा; १८५४ मध्ये बेळगावातच बाप्तिस्मा. घर सुटले, पत्नी दुरावली. त्यानंतर तीन वर्षांत, १८५७ मध्ये, ‘यमुनापर्यटन’ आले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिची नोंद होते. ती विधवांच्या हालांवर आहे. ज्या माणसाचा संसार नुकताच मोडला त्याने आपले रडगाणे न गाता केशवपन झालेल्या बायांचे दुःख लिहिले, हे मला त्यांच्या सगळ्या धर्मचर्चेहून मोलाचे वाटते. आपल्या परिवर्तनाची हकिगत, ‘अरुणोदय’, त्यांनी पुष्कळ उशिरा, १८८८ मध्ये छापली.

नारायण शेषाद्रींनीही तेच केले. भाऊ गेला, घर गेले. हा माणूस पुढे जालन्याजवळ निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर बेथेल हे गाव वसवून बसला. तिथे राहायला आले ते बहुतांशी महार-मांग. स्वतःला ज्या जातीने बाहेर टाकले तिच्या दारात ताटकळत बसण्यापेक्षा, त्या दारात कधीच प्रवेश नसलेल्यांना त्यांनी जवळ केले.

आता नारायण वामन टिळक. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले, ही कथा प्रसिद्ध आहे. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथवर गोष्ट टिळकांची. इथून पुढची त्यांच्या पत्नीची, लक्ष्मीबाईंची, आणि आपल्याकडच्या उपदेशांत नेमकी तीच अर्धी राहते. नवऱ्याने धर्म बदलला. त्याची शिक्षा बायकोला आणि दत्तू नावाच्या लहान मुलाला. नातेवाइकांच्या आधाराने, कधी पंढरपुरात, कधी आणखी कुठे, अशी पाचएक वर्षे त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. परत एकत्र आल्यावरही सोवळे लगेच सुटले नाही. एकाच घरात दोन चुली, दोन पाणी. १९०० मध्ये राहुरीला त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. तोवर टिळक थांबले, हे त्यांच्या खात्यावर जमा धरायला हवे. पण तोवर जी फरपट झाली ती त्यांच्या खात्यातून वजा करायला हवी.

लक्ष्मीबाईंच्या आठवणी, ‘स्मृतिचित्रे’, १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने आल्या. वाचणाऱ्याला पहिली गोष्ट जाणवते ती ही की या बाईला हुतात्मा व्हायची हौस नाही. नवरा पैसे उधळून येतो, भलत्याच माणसाला घरी जेवायला आणतो, रागाच्या भरात घर सोडून जातो, आणि ती हे सगळे हसत सांगते. श्रद्धेची साक्ष म्हणून कोणी तिच्याकडे गेला तर त्याला आधी स्वयंपाकघर लागते. राहुरीत दुष्काळातली अनाथ मुले त्यांच्या घरात होती. नगरला प्लेगात त्या आजाऱ्यांच्या उशाशी होत्या. घाव विसरायला त्यांनी दुसऱ्याच्या घावाला हात घातला असे म्हणता येईल, पण त्यांना ते वाक्य आवडले नसते. त्या म्हणाल्या असत्या, मुले उपाशी होती, दुसरे काय करणार?

टिळक १९०४ मध्ये दीक्षित पाळक झाले, १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादक. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांच्या एका संग्रहाचे नावच ‘अभंगांजली’ आहे. आज या पट्ट्यातल्या मंडळ्यांत पेटी-तबल्यावर जी भजने म्हटली जातात त्यांतली कितीतरी त्यांची. म्हणजे देहूहून निघालेली चाल नगर-राहुरीला वळसा घालून ख्रिस्ती भजन होऊन पुन्हा देहूच्या वेशीशी आली. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती. ९ मे १९१९ ला ते वारले. ‘ख्रिस्तायन’ अर्धेच राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. धर्मांतराने जिचा संसार उधळला तिनेच नवऱ्याचे ख्रिस्तचरित्र तडीस नेले, हा मराठी वाङ्मयातला विलक्षण योग म्हटला पाहिजे.

दुसरी शाखा दुष्काळाची, आणि तिच्या मुळाशी पंडिता रमाबाई. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांनाही समाजाचा जाच झाला होता, म्हणजे वाळीत पडण्याची चव या घराने आधीच घेतली होती. कुटुंब पुराणे सांगत तीर्थांमागून तीर्थे फिरे. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळचे सारे दानधर्मात आणि अनुष्ठानांत संपलेले. शेवटी तिरुपतीच्या बाजूच्या रानात अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले, असे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे. वडील जलसमाधी घ्यायला निघाले होते. ते १८७४ मध्ये गेले, मागोमाग आई, मग बहीण. भाऊ श्रीनिवास आणि त्या चालत राहिल्या. कलकत्त्याला पंडिता, सरस्वती या पदव्या मिळाल्या. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. पदरात मनोरमा. वय तेवीस.

इथे थोडे थांबायला हवे, कारण संकटाने माणूस घडतोच असे मानणाऱ्यांनी पुढचा प्रसंग सहसा सांगितलेला नसतो. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या तेव्हा सोबत आनंदीबाई भगत होत्या. तेच जहाज, तीच थंडी, तोच परका देश, तोच धर्माविषयीचा ताण. काही महिन्यांतच आनंदीबाईंनी वाँटेजला आत्मघात केला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबरला, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. एक बाई उभी राहिली, एक मोडली. जी मोडली तिचा विश्वास कमी होता म्हणावे, असे मला म्हणवत नाही.

आणि रमाबाई उभ्या राहिल्या म्हणून कोणापुढे वाकल्या असेही नाही. क्रूसावर लॅटिन मजकूर कशाला, आम्हाला समजेल अशा भाषेत, संस्कृतात का नको, असा वाद त्यांनी वाँटेजच्या मठातल्या भगिनींशी घातला. सिद्धान्तांवरून बिशपांशी पत्रयुद्ध केले. भारतात परत आल्यावर विधवांसाठी शारदासदन १८८९ मध्ये मुंबईत काढून पुढच्या वर्षी पुण्याला आणले, तर १८९३ मध्ये ‘केसरी’ने आग पाखडली आणि रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. चर्चच्या लेखी ती हट्टी, पुण्याच्या लेखी बाटगी. दोन्हीकडून वाळीत.

१८९६ चा दुष्काळ आला तेव्हा या बाईला त्यातले काय दिसले असेल? त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बाया घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, नव्या माणसांना शहरात ठेवू देईनात. मग दौंडच्या वाटेवर केडगावला फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर त्यांना नेले. तिथे मुक्ती मिशन उभे राहिले. प्लेगच्या इस्पितळात आपल्या एका मुलीचे काय झाले यावरून त्यांनी सरकारविरुद्ध वर्तमानपत्रात लिहिले, तो प्रश्न थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि केडगावची वस्ती दीड हजारांच्या वर गेली. विहिरी, माग, तेलघाणी, गोठा, छापखाना. हिब्रू आणि ग्रीकचे खिळे जुळवणाऱ्या मुली, ज्यांतल्या कित्येकींना काही वर्षांपूर्वी मराठी अक्षरही येत नव्हते.

आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षे रमाबाई बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या, मूळ भाषांवरून आणि साध्या बाईला कळेल अशा मराठीत. कान जवळजवळ गेले होते. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, जिच्या हाती सगळे सोपवायचे होते ती. म्हातारीने मुद्रिते तपासणे सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते.

दुष्काळाच्या शाखेवर एक आक्षेप कायम घेतला जातो: हे लोक पोटासाठी बाटले. १८७६-७८ च्या आणि नंतरच्या दुष्काळांत नगर जिल्ह्यातल्या महार-मांग वस्त्यांतून मोठ्या संख्येने माणसे अमेरिकन मराठी मिशनकडे आली, हे खरेच. पण भाकरी देणाऱ्याकडे माणूस गेला यात लाज कोणाला वाटायला हवी? भाकरी न देणाऱ्याला, असे माझे मत. शिवाय भाकरीसाठी आलेला माणूस पाऊस पडल्यावर परत जाऊ शकत होता. पुष्कळ गेलेही. जे राहिले त्यांच्या मुलांना शाळा मिळाली. नगरच्या सर डी. एम. पेटिट औद्योगिक शाळेत अनाथ पोरे सुतारकाम, धातुकाम शिकली, डी. सी. चर्चिल या मिशनऱ्याने तिथे हातमाग सुधारला. दुष्काळातून औद्योगिक शाळा आणि औद्योगिक शाळेतून कारखाना, असा हा पुढे पिंपरीकडे येणारा रस्ता तेव्हाच आखला गेला.

१९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढले. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला गेले. दोघेही अमेरिकेतून शिकून आलेले, शहरात काय मिळाले नसते? दोनच वर्षांत १९७२ चा दुष्काळ कोसळला. दवाखाना बाजूला ठेवून त्यांना आधी अन्न आणि पाणी बघावे लागले. बोअर पाडायच्या वेळी अनेक गावांत ती दलित वस्तीत पाडली गेली, म्हणजे पाणी हवे तर वरच्या आळीला तिथे यावे लागे. पुढे अक्षरओळख नसलेल्या बायांना गावोगावी आरोग्यसेविका केले. १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रमाबाईंनी दुष्काळातून माणसे उचलून आणली, आरोळ्यांनी माणसे गावातच उभी केली. मला हे एकाच घराण्यातले पुढचे पाऊल वाटते.

त्याच ७२ च्या दुष्काळाने नगर, जालना, बीडची माणसे पिंपरी-चिंचवडच्या रस्त्याला लावली. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ पासून होती, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को. या माणसांत ख्रिस्तीही होते. त्यांच्या मंडळ्या भाड्याच्या खोल्यांत, शाळांच्या वर्गांत, कोणाच्या तरी ओसरीवर सुरू झाल्या. पुढे १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिकेची महानगरपालिका झाली, नंतर कारखाने चाकणला सरकले, मंडळ्याही सरकल्या.

या पिढीचे हाल वेगळे. कोणी वाळीत टाकत नाही, निदान तोंडावर नाही. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, दलित ख्रिस्त्यांना नाही. गावकुसाबाहेरचे घर तेच, कागद मात्र वेगळा. दुसरी अडचण घड्याळाची. विजेच्या भारनियोजनापायी इथल्या बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. ज्याची सुट्टी गुरुवारी त्याचा रविवार पाळीवर जातो. मंडळीचा सेवक स्वतःच कामगार असेल तर रात्रपाळी उतरून, डोळ्यांवर पाणी मारून उपदेशाला उभा राहतो. समोर बसलेल्यांत कंत्राटी पोरे असतात, २४० दिवस भरायच्या आत ज्यांना ब्रेक मिळतो आणि मग पुन्हा नवा ठेकेदार, नवा गेटपास.

अशा पोराला व्यासपीठावरून ‘देव तुझी परीक्षा पाहतो आहे, सोस’ एवढेच सांगणे मला पटत नाही. या घराण्यातल्या एकाही मोठ्या माणसाने उपाशी माणसाला उपास चांगला म्हणून सांगितले नाही. रमाबाईंनी गाडीचे डबे भरून मुली आणल्या, आरोळ्यांनी बोअर पाडली. ज्या दुःखातून ते आले ते दुसऱ्याला होऊ नये म्हणून ते झटले, आणि त्या झटण्यात त्यांचा विश्वास टिकला. ब्रेक मिळालेल्या पोराला पाळकाने पीएफचा अर्ज भरायला मदत केली, ठेकेदाराकडे अडकलेल्या पगारासाठी चार माणसे घेऊन गेला, तर तो रमाबाईंच्या वंशातला. नुसता सहनशीलतेवर तासभर बोलला तर तो कोणाच्या वंशातला, ते त्याने शोधावे.

एक विनंती. वर जे काही सांगता आले ते या माणसांनी लिहून ठेवले म्हणून: ‘अरुणोदय’, ‘स्मृतिचित्रे’, रमाबाईंच्या दुष्काळाच्या आठवणी, आरोळ्यांचे जामखेडवरचे पुस्तक. साठ-सत्तरच्या दशकांत नगर-जालन्याहून पिंपरीला येऊन पाळी सांभाळत मंडळी चालवणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. तुमच्या मंडळीत असा कोणी असेल तर मोबाइल समोर ठेवा आणि त्यांना बोलते करा. पहिली खोली कुठे होती, भाडे किती होते, पहिली पेटी कोणी आणली, कोणाची नोकरी गेली तेव्हा वर्गणी कशी काढली, हे विचारा. आणि घरच्या बाईलाही विचारा. तिची हकिगत बहुधा वेगळी असेल.